बाज वळेल एवढी गल्ली

आमच्या पाचपावलीच्या गल्लीची रुंदी किती ठेवायची, ते कौसल्यावहिनीनं सभेत सुचवलं होतं: आजारी माणसाची बाज कुठंही न टेकवता वळली पाहिजे. वस्ती सुधार योजनेच्या साहेबांना ते पटलं. चुन्याच्या रेषा मारण्याआधी देवराव पेशंट बनून बाजेवर झोपला आणि कण्हू लागला. आम्ही चौघांनी बाज उचलली, सगळी गल्ली हसत मागे निघाली. वळणावर बाज अडली ती वहिनीच्याच ओट्याला. हसणं थांबलं. तो ओटा तिच्या नवऱ्यानं मरणाआधीच्या उन्हाळ्यात स्वतः बांधला होता. "गल्ली पलीकडून वळवता येईल, बाई," साहेब हळूच म्हणाले. "काहून? पलीकडं प्रेमिलाची चूल हाये, तिची मोडाची का?" वहिनी घरातून लोखंडी सब्बल घेऊन आली. बाजेवरचा देवराव उठून बसला. "राहू द्या, वहिनी." "त्यायले दवाखान्यात नेतानाबी बाज इथंच अटकली होती, देवरावभाऊ," ती म्हणाली आणि ओट्यावर पहिला घाव घातला.