कुंकू लावलेला डोळा

खंडेनवमीची पूजा आटोपताच अग्निरक्षक दिगंबर तांडेल ओला फडका घेऊन कारखान्यातील डोळे पुसत निघाला. प्रत्येक दालनाच्या भिंतीवर असा एक काचेचा डोळा होता. आग लागताच तो आत माणूस आहे की नाही हे पाही; कोणी नसेल तरच यंत्र दार लावून दालनातील सारी हवा शोषून घेई. कामगारांनी मात्र यंत्रांबरोबर या डोळ्यांनाही भक्तिभावाने कुंकू फासले होते.

रंगदालनात हिराबाई एकटीच काम करीत होती.

"काय हो भाऊ, देवाचं कुंकू लगेच पुसताय? संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या की! तुमचा डोळा काय रुसतोय?"

दिगंबरला हसू आले. तिचे मन मोडवेना. तपासणीच्या तक्त्यावर खूण करून तो पुढे गेला.

तासाभराने तेथे थिनर पेटले. दिगंबर धावत पोहोचला तेव्हा दार बंद झाले होते आणि त्यावर हिरवी अक्षरे उमटली होती : 'दालन रिकामे.'

तो खांद्याने दार फोडू लागला. दाराच्या काचेपलीकडे हिराबाई, त्यानेच शिकविल्याप्रमाणे, त्या लाल डोळ्यासमोर दोन्ही हात उंचावून उभी होती.

आग तत्काळ विझली. मग ते हात हळूहळू खाली आले.