बियाण्याची कणसं

मातेओ बाजारातून आला तो रिकामी टोपली घेऊन. अख्खं त्लाश्काला गाव पालथं घातलं, मक्याचा दाणा मिळाला नाही.

घरात त्याची बायको शोको बाळाला छातीशी धरून बसली होती. दूध आटलं होतं. बाळ रडून रडून आता नुसतं कण्हत होतं.

"गाठीला पैसा आहे आणि मका मिळत नाही?" चुलीपाशी बसलेल्या आईने, त्लाकोने, विचारलं.

"विकायला आणणार कोण? सगळ्यांनीच निवडुंग लावलाय."

लावलाय कसला, गावच्या गाव खुळावलं होतं! निवडुंगावरचे किडे वेचायचे, वाळवायचे, की त्यांचा किरमिजी रंग होतो. समुद्रापलीकडचे व्यापारी त्यावर नुसते तुटून पडत. मातेओनेही मक्याचं सगळं रान निवडुंगाखाली घातलं. डोंगराकडचा एक तुकडा तेवढा आईने हट्टाने मक्यासाठी मोकळा ठेवला होता.

"त्यांच्या राजाच्या अंगरख्याला हाच रंग लागतो, आई."

"हो का? मग राजालाच सांग, माझ्या सुनेला दूध येऊ दे म्हणावं."

मातेओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वर पाहिलं. आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली होती, धुराने काळवंडलेली. पोटात आग पडली तरी बियाण्याला हात लावायचा नाही, अशी इथली रीत.

"पुढच्या साली सगळा निवडुंग उपटतो," तो म्हणाला. "मकाच लावतो."

"आणि पेरशील काय? किडे?"

त्लाको उठली आणि तिने कणसं खाली ओढली.

"अहो आई, बी आहे ते!" शोको ओरडली.

"डोळे आहेत मला. तू बाळाकडे बघ."

ती दाणे सोलत गेली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. चुलीवर मडक्यात पाणी उकळत होतं.

दाणे शिजायला टाकण्याआधी बायका त्यांच्यावर हलकेच फुंकर घालतात, म्हणजे ते विस्तवाला भीत नाहीत. त्लाकोने ओंजळ तोंडाशी नेली. ओठ हलले, फुंकर काही निघेना.

मग तिने ती ओंजळ मातेओच्या हातात रिकामी केली.

"तू फुंक," ती म्हणाली. "भिऊ नका म्हणावं त्यांना. माझ्याने खोटं बोलवत नाही."