हलणारा ठिपका

"फोनवर हलतोय आणि इथं मोठ्या पडद्यावर हलत नाही. दोन्ही तुमचंच काम. मग खरं कुठलं धरायचं?" बचावकाम बघणाऱ्या साहेबांनी विचारलं.

ठकीनं लॅपटॉप उघडला.

सकाळी बोगद्याचं छत कोसळलं होतं. पूर्वेच्या फाट्यात चौघं अडकले होते, पश्चिमेच्या फाट्यात एकटा ड्रिलर. प्रत्येकाच्या हेल्मेटात एक छोटं यंत्र असायचं आणि कोण कुठं आहे ते ॲपच्या नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. चौघांचे ठिपके निपचित होते. ड्रिलरचा मात्र फोनवर पुढं-मागं, पुढं-मागं सरकत होता.

ढिगारा उपसणारं मशीन एकच होतं.

"जिवंत माणसाकडं आधी जायचं," साहेब म्हणाले. "तो खरंच हलत असेल तर पश्चिमेला. ॲपचा घोटाळा असेल तर चौघांकडं. मशीन एकदा लावलं की लगेच फिरवता यायचं नाही. नीट बघून सांगा."

ठिपके काढणारा भाग ठकीनं लिहिला होता. आणि ड्रिलर तिचा सख्खा थोरला भाऊ होता. ठकी हे नावही त्यानंच ठेवलेलं. डबा द्यायला एकदा ऑफिसात आला, तेव्हापासून तिथंही तेच चिकटलं.

शेजारी चष्मिस बसला. तिच्याच टीममधला. कसलीही तक्रार आली की तो एरवी हसून म्हणायचा, "आधी बंद करून चालू केलं का?" आज न हसता दोघांनी तेच केलं. फोन बंद करून चालू केला. ॲप काढून पुन्हा टाकलं. दुसऱ्याचा फोन मागून घेतला. ठिपका सरकतच होता.

पत्र्याच्या त्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर वहिनी बसली होती. तिच्या हातातला फोनही तेच दाखवत होता.

"हलतोय ना गं?"

"दिसतोय तरी."

"मग आहे तो. एका जागी स्वस्थ बसेल तर तुझा दादा कसला! आमच्या लग्नात फोटोवाल्यानं हात टेकले होते." ती हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला.

ठकीनं आधी सर्व्हर तपासला. छत कोसळल्यापासून एकाही हेल्मेटाकडून काहीही आलं नव्हतं. ना चौघांच्या, ना दादाच्या.

मग तिनं स्वतःचा कोड उघडला.

ठिपका उड्या मारत जाऊ नये म्हणून फोनच्या ॲपमध्ये तिनं एक सोय केली होती; मोठ्या पडद्यावर ती नव्हती. शेवटच्या दोन जागांच्या मधून तो अलगद सरकायचा. नवी जागा आलीच नाही तर त्याला थांबवणारी एक ओळ हवी होती. ती ओळ लिहायची राहून गेली होती. ठिपका टोकाला जायचा, मागं यायचा, पुन्हा जायचा. छत कोसळलं तेव्हा चौघं एका जागी बसलेले असणार, म्हणून त्यांचे ठिपके स्थिर. दादा चालत होता, म्हणून त्याचा हलता. कोण जगलं, कोण नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

चष्मिसनं तिच्या खांद्यावरून वाचलं.

"ठके, हा बग आहे."

"माहितीये."

"सांगायला हवं."

"सांग ना. वहिनी समोरच बसलीये. जा, सांग."

चष्मिसनं चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुसतच राहिला.

साहेब आले. "काय निघालं?"

"मोठ्या पडद्याचा भाग जुना आहे. तो अडकलाय," ठकी म्हणाली. "फोनवरचं खरं धरा."

"तुमचा भाऊ आहे म्हणून विचारतो—"

"म्हणूनच नीट बघितलं, साहेब."

बाहेर मशीन घरघरलं आणि पश्चिमेकडं वळलं. चौघांपैकी एकाचे वडील दाराशी उभे होते. त्यांनी पुढं होऊन तिचा हात धरला. "पोरी, तुझा भाऊ निघाला की आमच्यांकडं जातील ना गं?"

"हो काका. लगेच."

तिला त्यांच्याकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पश्चिमेच्या फाट्यात पोचलं. साहेब खोलीत आले तेव्हा मातीनं माखलेले होते. हातात दादाचं हेल्मेट होतं.

"एवढंच होतं. काढून बाजूला ठेवलेलं. माणूस नाही."

"नाही म्हणजे?" वहिनी उठून उभी राहिली.

"रक्त नाही, काही नाही. चालता-फिरता होता, एवढं नक्की."

वहिनीनं ठकीला कवटाळलं. "बघ! म्हटलं नव्हतं मी? तू होतीस म्हणून गं, तू होतीस म्हणून!" ठकी रडली. कालपासून पहिल्यांदाच तिला धड श्वास घेता आला. आपण खोटं बोललो ते खरंच निघालं, असं तिच्या मनात आलं.

मशीन पूर्वेकडं वळवलं. चष्मिस घरी गेला नाही, पण ठकीपासून लांब, म्हाताऱ्या काकांशेजारी जाऊन बसला.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर पूर्वेच्या फाट्यातून बाहेर आले. त्यांनी हातमोजे काढले आणि साहेबांना बाजूला घेतलं. पण पत्र्याच्या खोलीत सगळं ऐकू येत होतं.

"आत चौघंच होते ना?"

"हो, चौघंच."

"पाच आहेत. एकजण दोन्ही फाट्यांना जोडणाऱ्या पाण्याच्या अरुंद नालीतून सरपटत त्यांच्याकडं आलेला दिसतोय. हेल्मेट घालून त्यातून जाताच येत नाही. त्यानं चौघांच्या जखमाही बांधल्यात." डॉक्टर थांबले. "हवा पुरली नाही. पाचही जण गेले. अंगं अजून गरम आहेत."