शेवटचा परिच्छेद

संपादिकेने कथेच्या शेवटच्या परिच्छेदाभोवती लाल पेन्सिलीने चौकट काढली. समोर आयुष्यातली पहिलीच कथा घेऊन आलेली, शिवणकाम करणारी बाई बसली होती. “ताई, हा परिच्छेद काढू या. एवढ्या अपघातानंतर मुलगा धडधाकट घरी येतो, हे वाचकाला पटणार नाही.” बाई म्हणाली, “पटणार कसं? माझा मुलगा आलाच नाही.” संपादिका चौकट पुसू लागली. “राहू द्या मग.” “नको, कथा बिघडेल. तुमचं बरोबर आहे. फक्त खोडण्याआधी एकदा वाचते.” बाई मोठ्याने वाचू लागली. मुलगा दारात हेल्मेट काढतो, हात धुता धुता म्हणतो, “भूक लागली, आई.” मग तिने पेन्सिल घेऊन एकेक ओळ सावकाश खोडली. शेवटच्या ‘आई’पाशी तिचा हात थांबला. “एवढा शब्द तुम्ही खोडा,” पेन्सिल परत देत ती म्हणाली.