एक नर्स हवी आहे

"समुद्रापलीकडच्या त्या बेटावर वादळानंतर कॉलरा पसरलाय. आपल्या मंडळीनं गोधड्या दिल्या, औषधं दिली. आता एक नर्स हवी आहे. कोण जाईल?" चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत पाळक उजागरे यांनी विचारलं.

मिशन हॉस्पिटलच्या नर्स एका बाकावर बसल्या होत्या. त्यांच्यातून सुवार्ता उभी राहिली. ती पाळकांची एकुलती एक मुलगी.

पाळकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. "आणखी कोणी?" त्यांनी विचारलं. कोणीच उठलं नाही. "घाई नाही, घरी जाऊन विचार करा," ते म्हणाले. गोधड्या आणि औषधं मागताना त्यांनी कोणाला असा वेळ दिला नव्हता.

"पप्पा, माझा विचार झालाय," सुवार्ता म्हणाली.

बायकांच्या बाकावरून तिची आई उठली आणि तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "प्रार्थना करा," ती नवऱ्याला म्हणाली.

पाळक व्यासपीठावरून खाली उतरले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले, पण तोंडून शब्द फुटेना. मंडळी माना खाली घालून थांबली. शेवटी मुलीनंच हळू आवाजात प्रार्थना सुरू केली, ती वडिलांसाठी.