सच्छिद्र काच

शर्वाणी प्रयोगशाळेत शिरली तेव्हा सर उघड्या हातांनी काचेची फनेलं कॉस्टिक सोड्याच्या बादलीत बुडवत होते.

"डाग निघत नव्हते गं," ते खुशीत म्हणाले. "उद्या बघ, कशी लख्ख होतात!" आणि उरलेली आणायला कपाटाकडे गेले.

याच सरांनी तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं, "फनेलच्या तळाच्या सच्छिद्र चकतीला कॉस्टिक दाखवायचं नाही. ते काच खातं. छिद्रं मोठी झाली, की जे धरून ठेवायचं तेच वाहून जातं."

तिने घाईघाईने हातमोजे चढवले. तेवढ्यात सर परतले आणि बादलीपाशी थबकले.

"कॉस्टिकमध्ये? कुणी घातली ही?"

त्यांच्या बोटांवरून सोड्याचं पाणी अजून ओघळत होतं.

"मी, सर. चुकलं."

"इतकी वर्षं घसा कोरडा केला तुझ्यापुढे!" सर कडाडले, अगदी पूर्वीसारखे. मग नरमले. "बरं, पुन्हा नाही ना होणार असं?"

शर्वाणीने नळ सोडून त्यांचे हात पाण्याखाली धरले. 'नाही' म्हणायला तिची जीभ रेटेना.