ढालवालीचे डोळे

नॉर्मन भाजीच्या वाफ्यांकडे गेल्याची खात्री झाली, तशी डोरीनने खिडकीचा पडदा सोडला आणि थेट स्वयंपाकघरातलं नवऱ्याचं रंगकामाचं टेबल गाठलं.

बाटलीच्या बुचावर चिकटवलेली ती तिथे उभी होती. बुटक्यांच्या राज्यातली म्हातारी लढवय्यी. अंगठ्याएवढी बाहुली, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात ढाल. चिलखतावरचा गंज, वेणीतले पांढरे केस, सगळं झकास उतरलं होतं. फक्त डोळे! एक आभाळाकडे, एक चपलेकडे.

"काय रे हे, नॉर्मन," डोरीन पुटपुटली.

हिवाळ्यापासून असंच चाललं होतं. बाकी रंगकाम नेहमीसारखं, पण डोळ्यांपाशी आला की हमखास घोटाळा. "लांबचं दिसतं गं, जवळचंच धुरकट होतं. वय झालं आता," असं म्हणून तो हसायचा. आणि मग हळूच, "इतकं बिघडायला लागलं तर रंगवणं बंदच करेन म्हणतो."

ते हसू डोरीनला बघवत नसे. हातातलं काम सुटलं की माणूस कसा भिंतीकडे बघत बसतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. लग्नाआधीपासून ती स्टोकच्या चिनी मातीच्या कारखान्यात कपबश्यांवर गुलाब रंगवायची. नॉटिंगहॅमला आल्यावर घरी बसून रंगवले. मग मागच्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून बोटांना व्यायाम म्हणून दाबायला मऊ गोळा दिला होता. "रोज दाब गं," म्हणून नॉर्मन मागे लागला, तेव्हा तिने तो गोळाच कचऱ्यात टाकला. "मी काय तान्हं बाळ आहे, खेळणी द्यायला?" त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

तिने ब्रश उचलला. हल्ली नॉर्मन वेंधळाही झाला होता. सगळ्यात बारीक ब्रश डबीत ठेवायचं विसरायचा. धुतलेला, छान टोक काढलेला, तसाच टेबलावर.

कोपर टेकवलं. श्वास रोखला. आधी पांढरा रंग, मग मधोमध काळी उभी रेघ, मग उजेडाचा एक ठिपका. पहिल्यांदा असं लपूनछपून बसली, तेव्हा मनगट डाव्या हाताने धरून ठेवावं लागलं होतं, आणि त्या वेळच्या राक्षसाच्या बाहुलीच्या डोळ्यांऐवजी नाकालाच काजळ लागलं होतं. तीनदा पुसून केले होते ते डोळे.

फाटकाशी शीळ वाजली. बरं होतं ते. हा बाबा फाटकापासून शीळ घालत यायचा आणि ओटीवर बूट आपटत बसायचा. तो आत आला तोवर डोरीन शब्दकोड्यात डोकं घालून बसली होती.

"तिसरं बटण कुठे गेलं तुझ्या स्वेटरचं?" हातातली कांद्याची पात खाली ठेवत त्याने विचारलं.

"ब्रशचं टोक दिसत नाही, आणि माझी बटणं बरी दिसतात!"

"मी दारात, तू टेबलाशी. लांबचंच झालं की."

"मग तसाच लांब राहा. चिखल आणलायस घरभर."

तो हसला. मग ढालवालीपाशी वाकून म्हणाला, "डोळे जमलेत का गं? खरं सांग."

"फर्स्टक्लास. शिकवायला जा तू."

"ढालीची आतली बाजू राहिलीये अजून."

"तिथे कोण बघतंय मेलं!"

"तेही खरंच," नॉर्मन म्हणाला.

शुक्रवारी फोटो काढायचे होते. करडा पुठ्ठा, दोन्हीकडे दोन दिवे, तिकाटण्यावर कॅमेरा. समोरून काढला. पाठीमागून काढायच्या वेळी त्याने तिला चहा टाकायला पिटाळलं. डोरीनला धाकधूक होती ती समोरच्या फोटोची. शनिवारी बाहुल्या रंगवणाऱ्यांच्या क्लबात फोटो भिंतभर पडद्यावर दाखवायचे. जरा कुठे ब्रश घसरला असला तर तिथे लपत नाही. कुणी पटकन बोलून गेलं असतं, हे तुझे डोळे नाहीत रे नॉर्मन, आणि त्याच संध्याकाळी त्याने सगळे रंग खोक्यात भरले असते.

चर्चच्या हॉलमध्ये क्लबची बेव्ह नेहमीच्या खणखणीत आवाजात एकेकाची बाहुली पडद्यावर आणत होती. डोरीन चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. आणि ढालवालीचा चेहरा आला, दरवाजाएवढा.



"अगं आई गं, ही माझ्याकडेच बघतेय!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या पोटाकडे बघतेय ती," बेव्ह म्हणाली, आणि हॉल हसला. "नॉर्मन, म्हाताऱ्या, असे डोळे या क्लबात आजवर कुणाला जमले नाहीत. लेकीकडे बघावं तशी बघतेय बघ!"

नॉर्मन आपल्या बुटांकडे बघत होता. "बरे आलेत म्हणजे?" त्याने हळूच विचारलं.

"बरे आलेत," डोरीन म्हणाली. तिने रोखलेला श्वास सोडला. निभावलं. त्याला कधीच कळायचं नाही.

घोटभर चहा घेतला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, कप उजव्या हातात आहे.

"आता पाठीमागून," बेव्ह म्हणाली. "थांबा, थांबा. ढालीच्या आत काहीतरी आहे. मोठं करते."

ढालीचा आतला भाग पडद्यावर मोठा होत गेला. तिथे मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत नॉर्मनने रंगवलेलं त्यांचंच स्वयंपाकघर होतं. खिडकी, खिडकीचा पडदा, टेबल. टेबलाशी वाकलेली एक बाई, निळ्या स्वेटरचं तिसरं बटण तुटलेलं. तिचे दोन्ही डोळे अगदी सरळ, दोन्हींत उजेडाचा एकेक ठिपका. आणि ब्रश उजव्या हातात.